माझी पाण्याखाली गेलेली बाग

सरपंचांचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीतल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमागे उकिडवी बसून, लॉन पिवळं का पडतंय ते बघत होते. माझ्या डोक्यावर उभे राहून सोसायटीचे सेक्रेटरी "पण मॅडम, ब्रोशरमध्ये तर हिरवं होतं" हे चौथ्यांदा सांगत होते. त्यामुळे पलीकडून "मॅडम, गांधी जयंतीले ग्रामसभा ठेवली. तुमचा नकाशा भिंतीले लावला. तुमी सोता येऊन सांगसान त ठराव पक्का होईन," असं ऐकू आल्यावर मी क्षणाचाही विचार न करता "येते" म्हटलं. सिंदेवाही तालुक्यातल्या त्या गावी पोचायला किती तास लागतात, हे मी नंतर बघितलं.

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. हे काम नेमकं काय असतं ते बावीस वर्षांत माझ्या सासूबाईंना पटलेलं नाही. नातेवाईक मला फोन करून मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत ते विचारतात. खरं सांगायचं तर झाडं हा माझ्या कामाचा शेवटचा भाग. आधी जमीन कुठे उतरते, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, चार वाजता सावली कुठे पडते, आणि माणसं कुठे बसतील हे बघायचं. यातलं शेवटचं मला बरं जमतं. बिल्डरांच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर, मातीचा एक फूट थर टाकून उगवलेल्या माझ्या बागा फार काही ग्रेट नाहीत, पण माझ्या बाकांवर माणसं येऊन बसतात. माझा माज तेवढाच.

सिंदेवाहीजवळच्या गावाचं काम नागपूरच्या एका ओळखीतून आलं होतं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे कळेल. मालगुजारांच्या, म्हणजे इथल्या जुन्या जमीनदारांच्या, काळातला तलाव, त्याच्या काठाचं सुशोभीकरण, आणि काम एवढं लहान की पुण्याहून दोनदा जाणं परवडणार नाही. मी उपग्रहाचं चित्र उघडलं. तलावाला लागून मोठी, सपाट, पिवळसर मोकळी जागा होती. अशी जागा पुण्यात मिळाली असती तर बिल्डरनं तिथे चार टॉवर उभे केले असते. मी तिथे अर्धगोलाकार पायऱ्यांचं खुलं सभागृह काढलं, सात दगडी बाक ठेवले, आणि मधोमध कमळांचं एक शोभेचं कुंड दिलं. कडेला लावायच्या पाणवनस्पतींची यादी केली आणि नकाशा पाठवून दिला.

इथे एक कबुली देते. मी दर शुक्रवारी एका कॉलेजात शिकवते आणि पहिल्या तासाला मुलांना दरडावून सांगते की जागेवर पाय ठेवल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. या कामात मी पेन्सिल उचलली, नकाशा रंगवला, निधी देणाऱ्या नागपूरच्या साहेबांनी तो पासही केला. पाय ठेवायचा तेवढा राहिला होता.

नवरा म्हणाला, "मी पण येतो." सुधीरला माझ्या साइटबद्दल बावीस वर्षांत प्रथमच प्रेम वाटलं, कारण त्याने नकाशावर सिंदेवाहीच्या शेजारी ताडोबा बघितलं होतं. पावसाळ्यानंतर जंगल एक ऑक्टोबरला उघडतं. त्याने दोन तारखेची दुपारची सफारी बुक करून टाकली आणि एक दुर्बीण विकत घेतली.

पुण्याहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी नागपूर. तिथून आम्ही टॅक्सी ठरवली, दिवसाचे साडेतीन हजार, डिझेल धरून. चालक बंडूभाऊ मूळचे वरोऱ्याचे, पन्नाशीचे, आणि प्रत्येक गोष्टीवर मत असणारे. निघण्याआधी त्यांनी आम्हाला तर्री पोहे खायला घातले. तर्री म्हणजे पोह्यांवर ओतायचा चण्याचा लालभडक रस्सा. सुधीरने "थोडी जास्त टाका" म्हटलं आणि पुढे वरोऱ्यापर्यंत तो खिडकीबाहेर तोंड करून गप्प बसला. नवख्यांनी तर्री वेगळी मागून घ्यावी.

नागपूरहून सिंदेवाहीला उमरेड-नागभीडवरून जवळ पडतं. आम्ही वरोरा-चिमूरवरून गेलो, कारण बंडूभाऊंना वरोऱ्याला बहिणीकडे डबा द्यायचा होता. त्यांचे आभार मानायला हवेत, कारण या रस्त्यावर जमीन डोळ्यांदेखत बदलते. वरोऱ्यापर्यंत काळी माती, कापूस आणि सोयाबीन, आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर वाळत घातलेल्या शेंगा. चिमूर मागे पडलं, नेरी गेलं, आणि मग कापूस हळूहळू दिसेनासा झाला. बांध आले, बांधात पाणी, पाण्यात लोंब्या धरलेलं धान. शेताशेताला एक बोडी म्हणजे छोटं तळं, गावागावाला एक तलाव. कोणत्या उतारावर पाणी अडवायचं आणि कुठून सोडायचं हे इथल्या माणसांनी लेव्हल मशीनशिवाय ठरवलं होतं. मी पाच ठिकाणी गाडी थांबवली. एकदा बोडीच्या सांडव्यासाठी, एकदा बांधावरच्या मोहाच्या झाडासाठी, आणि तीनदा गवतासाठी.

"मॅडम, वाघ पाहाले लोकं गाडी थांबोते," बंडूभाऊ म्हणाले. "गवत पाहाले थांबोनारं गिऱ्हाइक पयल्यांदा पाह्यलं."

"मी लग्न केलंय हिच्याशी," सुधीर मागून म्हणाला. दोघांची तिथून जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत टिकली.

सिंदेवाहीत मुक्कामाची एक साधी, स्वच्छ खोली बाराशेला मिळाली. जेवण बसस्टँडजवळ. इथे भात न मागता येतो आणि पोळी मागावी लागते, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात पोचलो. देवरावभाऊ, म्हणजे सरपंच, पांढऱ्या शर्टात वाट बघत होते. त्यांनी आम्हाला नारळ दिला, चहा दिला, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला माझा नकाशा दाखवला. तो उलटा लावलेला होता. मी काही बोलले नाही. लहानसहान गोष्टींवरून माणसांना टोकू नये असं मला त्या वेळी वाटत होतं. मग आम्ही तलावाची पाळ चढलो, म्हणजे मातीचा तो उंच बांध, ज्याच्यामुळे पाणी अडतं.

तलाव सुंदर होता. काठोकाठ भरलेला, पलीकडच्या कडेला टेकडी आणि जंगल. मी नकाशाची घडी उघडली आणि माझी मोकळी जागा शोधायला लागले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. नकाशा फिरवला. सुधीर म्हणाला, उत्तर त्या बाजूला आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे. परत फिरवला. सगळीकडे पाणीच होतं. बंडूभाऊ माझ्या खांद्यावरून नकाशात डोकावले, मग पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "तुमचं थेटर डुबलं."

उपग्रहाने ते चित्र मे महिन्यात काढलेलं होतं. मे महिन्यात तलाव आटतो. मला दिसलेली सपाट, पिवळसर, देवाने खास माझ्यासाठी ठेवलेली जागा म्हणजे तलावाचं कोरडं पोट होतं. जूनपासून पुढे सात-आठ महिने तिथे पुरुषभर पाणी असतं. मी पाण्याच्या तळाशी सात बाक ठेवले होते आणि तलावाच्या आत एक तळं काढलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलाने असा नकाशा आणला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

मी नकाशाची घडी घातली. देवरावभाऊंकडे बघितलं तर ते कौतुकाने पाण्याकडे बघत होते. एवढ्यात पाळीवरून एक बाई झपझप येताना दिसल्या. साठीच्या आसपास, काटक, ओचा खोचलेला, हातात ओलं जाळं.

"ह्या गिरजाबाई," सरपंच म्हणाले. "बायांच्या मच्छीमार गटाच्या अध्यक्ष. तुमच्या नकाशाच्या लय मांगं आहेत."

"तुमीच का जी नकाशेवाल्या मॅडम?" गिरजाबाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या हातांना मासळीचा वास होता. "मी त कवाची वाट पाहून राह्यली होती. चाला, तुमची बाग दाखवतो."

माझी बाग मला दाखवायला त्यांनी आम्हाला डोंग्यात बसवलं. डोंगा म्हणजे लाकडाची अरुंद होडी. सुधीर चढताना ती अशी हलली की त्याची दुर्बीण ओली झाली. काठापासून थोडं आत गेल्यावर गिरजाबाईंनी बांबू पाण्यात टेकवला आणि सांगायला सुरुवात केली. नकाशा त्यांच्याकडे नव्हता. त्यांचा तो पाठ होता.

"इथी तुमच्या पायऱ्या. वरच्या पायरीवर उथळ पाणी, तिथी बारकी पिल्लं राह्यतीन. खालच्या पायऱ्यायवर मोठ्या मासोळ्या. हे इथी बाक. मरळ अशीच आडोशाची जागा पाह्यते, बाकाखाली मस्त बसन. आन तुमी वनस्पती लिहून देल्या ना काठाले लावाच्या, त्या सगळ्या मासोळीच्या कामाच्या. मी वाचून घेतल्या मास्तराकडून." मग त्यांनी डोंगा आणखी आत नेला, बांबू खाली सोडला, तो त्यांच्या मुठीपर्यंत बुडाला. "आन हा डोह."

"डोह," मी म्हटलं. ते माझं कमळांचं शोभेचं कुंड होतं.

गिरजाबाईंचा आवाज जरा खाली आला. "मॅडम, चार सालापासून उन्हाळ्यात तलाव पुरा कोरडा पडते. मासोळीचं बियाणं जाते. मंग आमी बाहेरून पिल्लं आणून सोडतो, थे वाढते, विकते, ठीक आहे. पण आपली मरळ, आपली दाडक, आपली बोटरी कोणत्या दुकानात भेटन? मधात एक डोह राह्यला, त्यात उन्हाळाभर पाणी राह्यलं, त बियाणं वाचते. पाऊस आला का पुन्हा तलावभर. तीन साल झाले मी सांगून राह्यली हापिसात. कोनी आयकत नाई. आन तुमी न सांगता काढून देला."

मी त्यांच्याकडे बघून हसले. ते हसू कसं दिसलं असेल ते सुधीरला विचारा. माझ्या चुकीवर एका बाईची तीन वर्षांची आस टांगलेली होती, आणि मी डोंग्यात बसून मान डोलावत होते.

दुपारी गिरजाबाईंच्याच घरी जेवलो. भात, मासोळीचा पातळ रस्सा, तळलेले झिंगे. पुण्यात परतल्यापासून मी तो रस्सा चारदा करून बघितला, जमला नाही. जेवताना सुधीरने सफारीचा विषय काढला आणि जिप्सीचं भाडं सांगितलं. गिरजाबाईंचा हात ताटातच थांबला.

"वाघ पाहाले पैसे देता?"

"हो."

"आमी देवाले सांगतो, दिसू नको." मग त्या मला म्हणाल्या, "बाई, पाच वाजल्यावर पाळीवर एकटं नका फिरू. मांगच्या हप्त्यात पाय उमटले होते." सुधीरने दुर्बीण बॅगेत ठेवली.

जेवणानंतर देवरावभाऊंनी मला बाजूला घेतलं. त्यांचा माझ्या नकाशावर राग नव्हता, पण एक शंका होती. पाण्याखालचं काम दिसणार नाही. पाहुणे आले तर दाखवायचं काय? त्यापेक्षा त्याच निधीतून पाळीवर रंगीत पेव्हर ब्लॉक, दिव्यांचे खांब, आणि गावाच्या नावाची मोठाली अक्षरं. "लोकं फोटो काढतीन. तुमी म्हणसान त बदलून टाकू. पण गिरजाबाई आयकत नाई. थे म्हणते, मॅडमनं विचार करून काढलं आहे."

मॅडमनं काय केलं होतं ते फक्त मॅडमला, तिच्या नवऱ्याला आणि बंडूभाऊंना माहीत होतं. खरं बोलले की सरपंच म्हणणार, चूकच आहे तर बदला. डोह गेला. खोटं बोलले तर भर ग्रामसभेत उभं राहून मासोळीची तारणहार म्हणून नारळ घ्यायचा. सभेला दोन दिवस होते. मी अशा वेळी सगळे करतात तेच केलं. गडचिरोलीला गेले.

सिंदेवाहीहून मूल, सावली, आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना धान नाहीतर जंगल. आम्ही गडचिरोली शहरात चहा घेऊन चामोर्शीच्या रस्त्याने मार्कंड्याला गेलो. वैनगंगेच्या काठावरचं जुनं दगडी देऊळ, त्यावर अंगुलभर जागा न सोडता केलेलं कोरीवकाम. सगळे वर बघत होते. मी सवयीने खाली बघत होते, दगडांत पाणी निचरायला उतार कसा दिलाय ते. पाऊस नुकताच उघडला होता आणि नदी भरून वाहत होती. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी खालच्या दिसतच नव्हत्या.

"बघ," सुधीर म्हणाला. "यानेही पाण्यात पायऱ्या बांधल्यात. तुझा सिनियर."

"त्याला माहीत होतं पाणी कुठे येतं ते."

"मग जाऊन सांग ना तसं. तुला माहीत नव्हतं म्हणून."

मी चिडले. चिडले की मी रोपं ओळखत सुटते. देवळामागे अर्धा तास मी गवत, आघाडा आणि टाकळा ओळखत फिरले, आणि बंडूभाऊ माझ्या मागे छत्री घेऊन. शेवटी तेच म्हणाले, "मॅडम, मी एकडाव एका सायबाले चुकून भलत्याच गावाले नेलं. सांगाची हिंमतच नाई झाली. थ्यानं तिथी जाऊन लग्न खाल्लं, अहेर देल्ला, फोटो काढला. घरी गेल्यावर समजलं का लग्न दुसऱ्याचंच होतं."

"मग?"

"मंग काय. आजून शिव्या देते." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "तवाच सांगतलं असतं त अहेर त वाचला असता."

या गोष्टीचा माझ्याशी नेमका संबंध काय ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण परतीच्या रस्त्यावर सावली यायच्या आत माझं ठरलं. वेळ असेल त्यांनी मार्कंड्याहून पुढे आलापल्लीचे जुने प्रचंड साग बघून यावेत, त्यासाठी एक दिवस वेगळा हवा. आमचे राहिले.

ग्रामसभा दुपारची होती. सुधीरच्या सफारीचीही वेळ दुपारचीच. मी म्हटलं, तू जा. तो म्हणाला, "तिथे वाघ दिसेल की नाही सांगता येत नाही. इथे तुझी चूक तू कबूल करणार हे नक्की आहे. हे जास्त दुर्मिळ." सफारीचे पैसे परत मिळत नाहीत, ते आधी वाचून घ्या. त्याने ती सोडली, आणि हे मी जन्मभर ऐकणार आहे.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे, आणि बायांच्या पुढच्या रांगेत गिरजाबाई, इस्त्रीच्या लुगड्यात. नकाशा तिथेही उलटाच लावला होता. देवरावभाऊंनी माझी ओळख करून देताना मला दोनदा इंजिनियर आणि एकदा डॉक्टर म्हटलं. मी उठले, आधी नकाशा सुलटा केला, आणि म्हटलं, "हा नकाशा चुकलेला आहे."

मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. उन्हाळ्यातलं चित्र, पुण्यात बसून काढलेल्या रेघा, मोकळी जागा. बाक माणसांसाठी होते. पायऱ्या माणसांसाठी होत्या. डोह हा डोह नव्हता, शोभेचं कुंड होतं. मासोळीचा विचार मी केलेला नव्हता, तो माझ्या डोक्यातही आला नव्हता. "तुम्ही मला मान दिलात, तो माझा नाही," असं म्हणून मी खाली बसले.

देवरावभाऊ पटकन उभे राहिले. माणूस वाईट नाही, पण संधी सोडणारा नाही. "मॅडमनं मोठ्या मनानं चूक कबूल केली. चूकच आहे म्हटल्यावर बदलूनच टाकू. पाळीवर पेव्हर—"

"बसा जी भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या.

देवरावभाऊ बसले.

गिरजाबाई उभ्या राहिल्या, माझ्याकडे वळल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. "बाई," त्या म्हणाल्या, "पाण्यात खुर्च्या कोन ठेवते?"

मागे कोणीतरी हसलं.

"नकाशा आला त्याच दिवशी मले समजलं. मास्तरालेही समजलं. आमी बाया दोन दिवस हासून राह्यलो होतो. पुण्याच्या मॅडमनं मासोळीले बसाले बाक देले." आता सगळा व्हरांडा हसत होता. सुधीर सगळ्यात जास्त. "पण त्यात डोह होता. मी तीन साल अर्ज देल्ले, हात जोडले, डोह नाई भेटला. आन तुमच्या चुकीनं कागदावर डोह आला, वर सायबाची सही बी झाली. मंग मी काऊन सांगाव का चूक आहे म्हणून? मी सगळ्यायले म्हटलं, गप राहा. कोनी इचारलं त म्हणाचं, मॅडमनं लय इचार केला."

दोन दिवस मी त्यांची फसवणूक करतेय म्हणून कुढत होते, आणि अख्खं गाव मिळून मला सांभाळून घेत होतं.

"आता तुमी खरं बोलल्या, त बरंच केलं," गिरजाबाई म्हणाल्या. "पण आता सांगा. चूक बाजूले ठेवा. तुमी तलाव पाह्यला. डोंग्यात बसल्या. डोह पायजे का नाई पायजे?"

हा प्रश्न मला बावीस वर्षांत कोणत्याही क्लायंटने विचारलेला नव्हता. सगळे विचारतात, दिसेल कसं. मी उठले. या वेळी घाई केली नाही. म्हटलं, पाहिजे. डोह कुठे हवा ते मात्र मी सांगणार नाही, सगळ्यात शेवटी पाणी कुठे आटतं ते गिरजाबाई दाखवतील, तिथेच खणायचा. पायऱ्या बांधकामाच्या नकोत, मातीचे टप्पे पुरे. वनस्पती त्याच ठेवायच्या. आणि पाळीवर मोठी अक्षरं लावलीत तर माझी हरकत नाही, पण पेव्हर ब्लॉक लावून पाळ दाबू नका, मातीच्या पाळीला श्वास लागतो. शेवटचं वाक्य तांत्रिक नव्हतं, पण ते देवरावभाऊंना पटलं.

हात वर झाले. मी मोजले नाहीत, पण बायांच्या बाजूचे सगळे होते आणि देवरावभाऊंचाही होता. मी पेन्सिल काढून नकाशावर "शोभेचे कुंड" खोडलं आणि "डोह" लिहिलं. मग बाक खोडायला लागले. सहा खोडले, तेव्हा गिरजाबाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "एक राहू द्या. मरळीसाठी."

दुसऱ्या दिवशी उमरेडच्या जवळच्या रस्त्याने आम्ही नागपूरला परतलो. सुधीरला वाघ दिसला नाही. आठ दिवसांनी बंडूभाऊंचा फोन आला, वाघ रस्ता ओलांडताना दिसला म्हणून, तोही मी गवतासाठी तिसऱ्यांदा गाडी थांबवली होती त्याच वळणावर. सुधीर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

हा लेख लिहायला मी दीड वर्ष लावलं. प्रवास झाला त्याच हिवाळ्यात लिहिता आला असता, पण तलावातलं काम उन्हाळ्यात, तो कोरडा पडल्यावरच करता येतं, आणि डोह टिकतो की नाही ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कळतं. मधल्या काळात मी सोसायटीचं ते लॉन काढून टाकून रानगवत लावलं. सेक्रेटरी नाराज आहेत, गवत खूश आहे. कॉलेजात आता पहिल्या तासाला मी दरडावत नाही. तो उलटा लावलेला नकाशा आणते, भिंतीवर लावते, आणि यात काय चुकलंय ते शोधा म्हणते. मुलं हसतात. मग मी त्यांना सांगते की तो माझा आहे.

गेल्या आठवड्यात गिरजाबाईंनी व्हिडिओ पाठवला. तलाव आटलाय, भेगाळलेली माती, आणि मधोमध हिरवट पाण्याचा डोह, चांगला एका शेताएवढा. पाण्यावर बुडबुडे येतायत. व्हिडिओ काढणारा म्हणतो, "आत्या, दाखवा ना," आणि गिरजाबाई जाळं आत सोडून एक मरळ वर काढतात, तोंडाजवळ धरतात, आणि परत पाण्यात सोडतात. काठावर, आठ महिने पाण्याखाली राहून काळा पडलेला माझा एक बाक आहे. त्या जाऊन त्यावर बसतात, पदराने तोंड पुसतात.

पाठोपाठ फोनही आला. "बाई, तुमचा बाक मोकळा झाला. या बसाले. पावसाच्या आत या, मंग थे जागा मरळीची होते."

तिकिटं काढलीत. माझ्या बाकांवर माणसं येऊन बसतात याचा मला फार माज आहे, पण या बाकावर मी स्वतः अजून बसलेली नाही.